गोळी बंद करण्याआधी जाहिरात तपासा

मागच्या पावसाळ्यात नांदेडच्या एका वस्तीत, विहाराच्या ओट्यावर आम्ही साखर आणि बीपी तपासणीला बसलो होतो. पन्नाशीचे एक काका पायाला फडके गुंडाळून आले, सोबत मावशी. अंगठ्याला खिळा लागून तीन आठवडे झाले होते. "दुखतच नव्हतं, म्हणून ध्यान दिलं नाही," काका म्हणाले. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाहिला तर साखर चारशेच्या वर. साखरेची गोळी चालू आहे का, असे विचारल्यावर मावशींनी पिशवीतून चूर्णाचा एक डबा काढून पुढे ठेवला. म्हणाल्या, "ह्यानं साखर मुळासकट जाती म्हणले. गोळ्या बंद करा म्हणले. टीव्हीत दाखवलं, म्हणून तर घेतलं."

त्या डब्याला काकांची जवळजवळ पंधरा दिवसांची मजुरी गेली होती. असे तीन डबे झाले होते. जी गोळी बंद केली, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती. पुढे काकांचा अंगठा काढावा लागला.

काका अडाणी नाहीत. मिस्त्रीकाम करतात, रोज पेपर वाचतात, दारूला शिवत नाहीत. मग ते फसले कसे? या प्रश्नाचे उत्तर काकांच्या स्वभावात नाही, ते जाहिरातीच्या बनावटीत आहे. जाहिरात करणारा माणूस आपला आजार शिकत नाही, तो आपले मन शिकतो. आपल्याला कशाची भीती वाटते, कशाची लाज वाटते, कोणाचे ऐकावेसे वाटते, हे त्याला चांगले माहीत असते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही रोगाऐवजी जाहिरातीची तपासणी करायची ठरवली आहे.

पहिले हत्यार : भीती आणि लाज

एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वे पुलाखाली, रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगवलेली अक्षरे आठवून पाहा. मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग, मूल न होणे, अंगावरून जाणे. हे आजार भिंतीवर का येतात? कारण हे आजार माणूस चारचौघांत बोलत नाही. दवाखान्यात केसपेपर काढताना मागे रांग असते, तिथे हे सांगायला जीव कचरतो. जाहिरात नेमके हेच हेरते. "गुप्तता राखली जाईल" हे शब्द औषधापेक्षा जास्त विकले जातात.

रंगाची लाज हा तर मोठाच धंदा आहे. 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम १९७५ पासून आपल्या देशात विकली गेली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, क्रीम लावली की दोन्ही मिळते, अशी गोष्ट तिच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे सांगितली. २०२० मध्ये कंपनीने तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला आणि 'ग्लो' घातला. आपल्या घरातल्या मुलींना हे सांगितलेच पाहिजे. ज्या समाजव्यवस्थेने माणसाची किंमत जन्मावरून ठरवली, तिचीच सावली रंगावरून किंमत ठरवण्यात आहे. आणि आरोग्याचे सांगायचे तर, नाव नसलेल्या, खुल्या डबीतल्या 'गोरे करणाऱ्या' क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात.

दुसरे हत्यार : पांढरा कोट आणि मोठा माणूस

जाहिरातीत पांढरा कोट घालून बोलणारा माणूस बहुतेक वेळा नट असतो. नटाने क्रिकेटबद्दल बोलावे, क्रिकेटवाल्याने सिमेंटबद्दल, आणि दोघांनी मिळून आपल्या गुडघ्याबद्दल! त्यांना त्याचे पैसे मिळतात. आपल्याला मात्र वाटते, एवढा मोठा माणूस खोटे कशाला बोलेल?

कोरोनाच्या काळातली गोष्ट अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये पतंजली कंपनीने 'कोरोनिल' हे औषध गाजावाजा करून पुढे आणले. त्या वेळी मंचावर देशाचे आरोग्यमंत्री बसलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असल्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा, कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची आम्ही तपासणी केलेली नाही की त्याला प्रमाणपत्र दिलेले नाही, असा खुलासा संघटनेला करावा लागला. मंत्री मंचावर बसला म्हणून औषध लागू पडत नाही. औषध लागू पडते की नाही हे रोग्यांवर रीतसर चाचणी करूनच कळते.

तिसरे हत्यार : "मला गुण आला"

लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. शिकवणीच्या भागातून फिरताना डोळे वर करा. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक आहेत. फोटो खरे, गुण खरे. पण त्याच वर्गात बसून ज्यांना यश आले नाही, त्यांचा फलक कोणी लावत नाही. किती बसले आणि किती पास झाले, हे समजल्याशिवाय त्या फलकाला काही अर्थ नाही.

औषधाच्या जाहिरातीतही असेच असते. "मी सहा महिने अंथरुणावर होते, आता शेतात जाते," असे सांगणाऱ्या दोन बाया दाखवतात. ते औषध घेऊन ज्यांना काहीच फरक पडला नाही, किंवा जे आणखी आजारी पडले, ते टीव्हीवर येत नाहीत.

शिवाय अंगदुखी, सांधेदुखी, दमा, खाज हे आजार आपोआप कमी-जास्त होत असतात. माणूस औषध कधी घेतो? त्रास अगदी टोकाला गेल्यावर. टोकानंतर तो थोडा उतरतोच. श्रेय मात्र डब्याला जाते.

याच ठिकाणी एक धोका लक्षात ठेवा. आठवडी बाजारात, माळेगावच्या यात्रेसारख्या गर्दीत किंवा रस्त्याकडेच्या तंबूत गुडघेदुखीची, दम्याची खुली पुडी मिळते. दोन दिवसांत माणूस उठून चालायला लागतो. इतक्या झटपट गुण आला की आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. अशा पुड्यांत स्टेरॉइडची गोळी कुटून मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. स्टेरॉइड डॉक्टरच्या देखरेखीखाली उपयोगी औषध आहे. नकळत महिनोन्महिने पोटात गेले तर तोंड सुजते, साखर आणि बीपी वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि ते एकदम बंद केले तरी जिवाला धोका असतो. म्हणून अशी पुडी चालू असेल तर ती घेऊनच डॉक्टरकडे जा, लपवू नका.

चौथे हत्यार : "पुरातन, नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही"

धोतरा नैसर्गिक आहे. कण्हेर नैसर्गिक आहे. सापाचे विषही नैसर्गिकच आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण जाहिरातीने आपल्या डोक्यात बसवले आहे. बाजारातल्या काही भस्मांत आणि चूर्णांत शिसे आणि पारा प्रमाणाबाहेर सापडलेला आहे, आणि तो मूत्रपिंडावर जातो. ज्याचा काहीच वाईट परिणाम होत नाही असे सांगितले जाते, त्याचा चांगला परिणाम तरी कशावरून होत असेल?

इथे गैरसमज नको. आयुर्वेद बरा की ॲलोपॅथी, हा वाद आम्ही घालत नाही. नोंदणी असलेला कोणत्याही शास्त्राचा वैद्य तुम्हाला समोर बसवून तपासतो, वय विचारतो, आधीच्या गोळ्या विचारतो. जाहिरात यातले काहीच विचारत नाही. चाळीस वर्षांच्या बाईला आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना एकच डबा देते.

पाचवे हत्यार : घाई आणि सारखे सारखे ऐकवणे

"पहिल्या शंभर जणांना अर्ध्या किमतीत." "आजच फोन करा." घाई केली की माणूस कोणाला विचारत नाही, आणि विचारू नये यासाठीच ही घाई असते. खरे औषध उद्याही त्याच किमतीला मिळते.

आणि एकच गोष्ट शंभर वेळा कानावर पडली की ती ओळखीची वाटू लागते, ओळखीची वाटली की खरी वाटू लागते. गुटख्याचे पाहा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मोठे नट टीव्हीवर वेलदोड्याची पुडी हातात धरून हसताना दिसतात. वेलदोडा विकायला कोणी एवढा पैसा घालवतो का? नाव तेच, रंग तोच, अक्षर तेच. लेकराच्या डोक्यात नाव बसते आणि पानटपरीवर गेल्यावर ते दुसरीच पुडी मागते. दारूचेही तसेच. जाहिरात सोड्याची, आठवण बाटलीची. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलेले आहे. ज्यांचे तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही असे विशी-पंचविशीतले पोर आपल्या वस्त्यांत आहेत. पंचशील घेताना पाचवे शील आपण मोठ्याने म्हणतो. त्या शीलाला आज सर्वांत मोठा विरोध या हसऱ्या जाहिरातीचा आहे.

सहावे हत्यार : "मी आपलाच माणूस"

हे हत्यार आपल्यावर सर्वांत जास्त चालते, म्हणून त्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो.

दारात एक तरुण येतो. गळ्यात निळा रुमाल. "जयभीम मावशी," म्हणतो. पाणी मागतो, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडतो. मग पिशवीतून डबा निघतो. शक्तीची पावडर, रक्तशुद्धीचा रस, 'सर्व रोगांवर एक' असे काहीतरी. वर सांगतो, "तुम्ही आणखी चार जण जोडा, तुम्हाला पण कमाई." घेणाऱ्या बाईला नाही म्हणवत नाही, कारण तो जयभीमवाला आहे. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या शुभेच्छांच्या फलकांवरही आता अशी नावे दिसू लागली आहेत.

त्या पोरावर आमचा राग नाही. बहुतेक वेळा तोही फसलेलाच असतो. घरचे पैसे भरून माल उचललेला असतो, तो खपवल्याशिवाय त्याची सुटका नसते. पण जयभीम हा आपला मानाचा शब्द आहे, तो मालाच्या दर्जाचा शिक्का नाही. आपल्या माणसाला पाणी द्या, जेवू घाला, कामाचे विचारा. औषध मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

लेकरांच्या डब्यावर नजर

आईच्या काळजीएवढे विकले जाणारे दुसरे काही नाही. "उंची वाढते, बुद्धी वाढते" म्हणून दुधात घालायच्या पावडरी विकल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की बोर्नव्हिटासकट अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका. कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. म्हणजे जो शब्द पाहून आपण इतकी वर्षे डबा उचलला, त्या शब्दाला कायद्यात जागाच नव्हती.

डब्याचा पुढचा भाग जाहिरात असतो, मागचा भाग माहिती असते. मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात आणि ते वजनाच्या क्रमाने लिहावे लागतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो डबा मुख्यतः साखरेचा आहे. घरातले शाळकरी पोर हे वाचून दाखवू शकते. त्याच पैशात शेंगदाणे, गूळ, अंडी, डाळ आणि हिरवी भाजी जास्त येते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर कायदा फार स्पष्ट आहे. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांमुळे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीच्या डब्याच्या दुधाची, बाळान्नाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. कोणी बाळंतिणीला डब्याचा फुकट नमुना दिला तर तो कायद्याचा भंग आहे हे लक्षात ठेवा.

औषध न विकणारा अपप्रचार

काही वेळा कोणी काही विकत नाही, फक्त भीती पसरवतो. १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस सुरू झाली आणि पाठोपाठ मोबाइलवर निरोप फिरू लागले : लस घेतली की मूल होत नाही, पुरुषत्व जाते, दोन वर्षांत माणूस मरतो. आशाताई दारात आल्या की लोक कडी लावून घेत. हे निरोप कोणी लिहिले? खाली नाव नसे. "एका मोठ्या डॉक्टरने सांगितले" एवढेच. डॉक्टरचे नाव नाही, दवाखाना नाही, गाव नाही. शेवटी "दहा जणांना पाठवा." घाई, भीती आणि निनावी मोठा माणूस, वर सांगितलेली हत्यारेच इथे पुन्हा आली.

मग कोणी विचारेल, सरकारही जाहिरात करते, तुम्हीही आम्हाला समजावताच आहात, त्यात फरक काय? प्रश्न रास्त आहे. 'दो बूंद जिंदगी की' ही पोलिओची जाहिरात मोठ्या नटाने केली होती, तीही भावनेला हात घालत होती, तीही शंभर वेळा ऐकवली गेली. तिच्यामागे घरोघर डोस देणारे हात होते. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा जंगली विषाणू सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तंबाखूच्या पुडीवरचे कर्करोगाचे चित्रही भीतीच घालते.

फरक भावनेत नाही, तपासात आहे. पोलिओची जाहिरात करणारा कोण, हे उघड होते. डोस फुकट होता. काही झाले तर जाब विचारायला आरोग्य केंद्र होते. आणि तिने दुसरे औषध बंद करायला सांगितले नव्हते. चूर्णाच्या डब्याला हे चार प्रश्न लावून पाहा.

केसपुत्त गावची सभा

हे सगळे वाचताना विहारात ऐकलेले कालाम सुत्त आठवले असेल. कोसल देशातल्या केसपुत्त गावात तथागत आले तेव्हा कालाम लोकांनी त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. गावात एक श्रमण येतो, आपले मत थोर सांगतो, दुसऱ्यांचे खोटे ठरवतो. मग दुसरा येतो, तोही तेच करतो. आम्ही खरे कोणाचे मानायचे? आज आपल्या टीव्हीसमोर बसलेल्या माणसाची अडचण याहून वेगळी नाही.

तथागतांनी त्यांना शंका घेतल्याबद्दल रागावले नाही. शंका येण्यासारख्याच ठिकाणी तुम्हाला शंका आली आहे, असे सांगितले. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा भारदस्त दिसतो म्हणून, हा आमचा गुरू आहे म्हणून काही मानू नका. ते हिताचे की अहिताचे, ते केल्याने दुःख वाढते की घटते, जाणती माणसे त्याला दोष देतात की चांगले म्हणतात, हे स्वतः पारखा, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आता वरची हत्यारे पुन्हा पाहा. सारखे ऐकवणे, पुरातन परंपरा, पांढरा कोट, आपला माणूस. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या कारणांवर विश्वास ठेवू नका असे सांगितले गेले, त्याच कारणांवर आजची जाहिरात उभी आहे. 'स्वतः पारखा' याचा अर्थ औषध स्वतःवर करून पाहा असा नाही. साखर वाढली तर सुरुवातीला दुखत नाही, बीपी वाढला तर कळत नाही. गोळी बंद केली तरी पंधरा दिवस काही होत नाही, आणि माणसाला वाटते चूर्ण लागू पडले. तोवर आत डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खराब होत असतात. काकांचा खिळा दुखला नाही तो याच कारणाने. म्हणून इथे पारखणे म्हणजे मोजणे. साखर मोजा, बीपी मोजा, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करा. अंगाला काय वाटते यावर भरवसा नको.

दोष फक्त आपला नाही

लोक जाहिरातीकडे का वळतात, हेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. सरकारी दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. रांग, धक्के, कधी अपमानाचे बोलणे, कधी "औषध बाहेरून आणा." ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. ती बातमी ऐकलेल्या आईने दवाखान्याची पायरी चढताना घाबरू नये, असे कोणत्या तोंडाने सांगावे? जिथे दवाखाना विश्वास गमावतो, तिथे जाहिरात दुकान मांडते.

पण दवाखान्याचा राग गोळीवर काढू नये. राग संघटितपणे दवाखान्यावर काढावा : निवेदन द्यावे, औषधांचा फलक मागावा, माहितीच्या अधिकारात विचारावे. गोळी मात्र रोज घ्यावी.

आणखी एक आठवण. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. जाहिरातीची जागा कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हे आपल्या चळवळीने पहिल्या अंकापासून अनुभवले आहे. मोठ्या अक्षरांत छापून येते ते खरेच असते असे नाही, एवढा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

१९५४ चा औषधे व चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अजून लागू आहे. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत : मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयरोग, क्षय, लकवा, मोतीबिंदू, मुतखडा, वांझपण, कोड, लठ्ठपणा, उंची वाढवणे वगैरे. हे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणेच गुन्हा आहे. मंत्र, ताईत, कवच यांनी बरे करण्याची जाहिरातही त्यातच येते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही हाताशी आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे त्याखाली गुन्हा आहे. याच कायद्याच्या आधारे मराठवाड्यातून एक महत्त्वाचा निकाल आला. टीव्हीवर 'हनुमान चालिसा यंत्रा'ची जाहिरात पाहून औरंगाबादच्या एका शिक्षकाने २०१५ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सांगितले की दैवी चमत्काराचा दावा करून अशा वस्तू टीव्हीवर विकणे बेकायदा आहे. नांदेड आणि लातूर याच खंडपीठाखाली येतात. एका शिक्षकाच्या अर्जाने एवढे झाले, हे विसरू नका.

पतंजलीचेही ऐकले असेल. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये तक्रार नेली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागायला लावली. माफी छापून आल्यावर न्यायालयाने विचारले की ही माफी तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का? अक्षराचा आकारही माणसाला पटवतो, हे न्यायाधीशांनी बरोबर ओळखले.

घराच्या भिंतीवर लावायचे पाच प्रश्न

१. हे सांगणाऱ्याला माझ्या खरेदीतून पैसे मिळतात का?
२. बनवणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख डब्यावर आहे का? पक्के बिल मिळते का?
३. 'शंभर टक्के', 'मुळासकट', 'सर्व रोगांवर', 'हमखास' यांपैकी शब्द आहे का? असेल तर डबा खाली ठेवा.
४. चालू गोळी बंद करायला सांगतात का? सांगत असतील तर तिथेच थांबा.
५. एक रात्र थांबून, आशाताईला किंवा डॉक्टरला विचारून घेता येईल का?

साखर, बीपीची तपासणी आणि गोळ्या उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात मोफत आहेत. क्षयाचे औषध मोफत आहे, ते किमान सहा महिने चालते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. बरे वाटले म्हणून किंवा जाहिरात पाहून ते मध्येच सोडले तर पुढचा क्षय औषधाला दाद देत नाही. फसवी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढा, कात्रण जपा, बिल ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या नटालाही जबाबदार धरता येते.

बाबासाहेबांनाही अनेक वर्षे मधुमेह होता. हा आजार लपवण्यासारखा नाही आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लाज संपली की जाहिरातीचे निम्मे काम थांबते.

काका आता आमच्याबरोबर शिबिराला येतात. रविवारी वंदनेनंतर लोक बसलेले असताना ते चप्पल काढून पाय पुढे करतात आणि म्हणतात, "बघा, तीन डब्यांची किंमत." हे पान या रविवारी आपल्याही विहारात वाचून दाखवा, आणि ज्यांच्या घरात असा डबा आहे त्यांना तो घेऊन यायला सांगा. रागावू नका, हसू नका. डबा फिरवून मागची बारीक अक्षरे सगळ्यांनी मिळून वाचा.

नमो बुद्धाय. जयभीम.